पाठकोरे

मावशी गेली त्याच वर्षी तिची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला निघाली आणि खोली दोन महिन्यांत रिकामी करून द्या, असा निरोप आला. एकच खोली, समोर सगळ्यांची मिळून गॅलरी आणि वर पोटमाळा. सकाळची शाळा करून आल्यावर मावशी त्या खोलीत लिहायला बसायची. तिच्या आठही कादंबऱ्या तिथेच लिहून झाल्या. पोटमाळ्यावरून आम्ही दोन ट्रंका, चार पत्र्याचे डबे आणि धोतराच्या पानात बांधलेली तीन गाठोडी खाली उतरवली. दादाने गाठोडी सोडून पाहिली आणि म्हणाला, "हस्तलिखितं नि पत्रं तेवढी काढून घे. बाकीची चिठोरी रद्दीत घाल. कुठे ठेवणारेस एवढं सगळं?"

त्याचं म्हणणं वरवर पाहता बरोबरच होतं. त्या गाठोड्यांत एसटीची नि रेल्वेची तिकिटं होती, नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, सभांची पत्रकं, रेशनच्या पावत्या, लॉटरीची तिकिटं, मनीऑर्डरचे कूपन, औषधांच्या बाटल्यांवरची सोडवलेली लेबलं असं काय काय होतं. छापलं त्या दिवशी कामाचं, दुसऱ्या दिवशी फेकून द्यायचं. रद्दीवाला वजनकाटा घेऊन जिन्यात उभाही होता. मी त्याला जुनी वर्तमानपत्रं दिली आणि गाठोडी टॅक्सीत घालून डोंबिवलीला माझ्या घरी आणली. का आणली, याचं नीट उत्तर मला तेव्हा देता आलं नसतं. मावशी काटकसरी होती, पण साठवण करणारी नव्हती. तिच्या घरात एक जादा वाटी नसायची. तिने ही चिठोरी चाळीस वर्षं सांभाळली असतील, तर काहीतरी मनात धरूनच.

गणपती उठले, पाऊस ओसरला आणि मी कामाला बसले. पावसाळ्यात जुने कागद उघडू नयेत, ते दमट होऊन एकमेकांना चिकटतात, एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं, आणि त्याचमुळे पहिल्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली. ती आधी सांगते, कारण हे काम करू पाहणाऱ्या कुणाला माझ्या सांगण्यातलं एवढंच उपयोगी पडलं तरी पुरे.

मी तेहतीस वर्षं बँकेत काढली. संध्याकाळी व्हाउचरं प्रकारवार लावायची, गठ्ठे बांधायचे, बेरीज जुळवायची, ही हाताला लागलेली सवय. त्या सवयीने मी डबे नि वह्या उलगडल्या, पानांमधून निघाली ती तिकिटं एका खोक्यात घातली, पत्रिका दुसऱ्यात, हँडबिलं तिसऱ्यात. संध्याकाळी सहा नीटनेटके गठ्ठे झाले. मला समाधानही वाटलं.

चार दिवसांनी ओळखीतून कागदसंवर्धनाचं काम करणाऱ्या एक बाई घरी आल्या. त्यांनी गठ्ठे पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, हे तिकीट कुठल्या वहीत होतं?" मला सांगता येईना. "आणि हे?" तेही नाही. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तिकीट तर कुणाचंही असतं. ते कुठल्या पानात ठेवलं, एवढंच काय ते तुमच्या मावशींचं होतं." मी त्या रात्री झोपले नाही. चिठोरी वाचवायची म्हणून घरी आणली आणि त्यातलं जे खरं मावशीचं होतं तेच माझ्या हाताने पुसलं. सुदैवाने तिन्ही गाठोडी आणि दोन डबे अजून उघडायचे होते. तिथून पुढे नियम केला: वहीतून काही निघालं की आधी ते आहे तिथेच ठेवून मोबाइलवर फोटो, मग पान क्रमांक, मग लिफाफा. लिफाफ्यावर मऊ शिसपेन्सिलीने नंबर. मूळ वस्तूवर काहीही लिहायचं नाही.

दुसऱ्या गाठोड्यात निघाले ते पाठकोरे. हा शब्द हल्ली कानावर कमी पडतो. एका बाजूने छापलेला, पाठ कोरी असलेला कागद तो पाठकोरा. आमच्या लहानपणी प्रत्येक घरात पाठकोऱ्यांचा गठ्ठा असे, हिशेबाला, गणितं सोडवायला. मावशीचे सगळे कच्चे खर्डे अशा कागदांवर आहेत. शाळेच्या उरलेल्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिकांची मागची पानं, गिरगावात वाटलेली पातळ गुलाबी नि पिवळी हँडबिलं. तिच्या तिसऱ्या कादंबरीतलं एक अख्खं प्रकरण साहित्य संघातल्या एका नाटकाच्या चौदा हँडबिलांच्या पाठीवर आहे. आता यादीत याची पुढची बाजू कुठली म्हणायची? हस्तलिखित म्हटलं तर नाटक हरवतं, हँडबिल म्हटलं तर कादंबरी. मी दोन्ही बाजू स्कॅन केल्या आणि यादीत 'अ' आणि 'ब' अशा दोन ओळी घातल्या. पुढची आणि मागची असं कुठेच लिहिलं नाही.

या छापील बाजूचा उपयोग लवकरच कळला. मावशी खर्ड्यावर तारीख घालत नसे. हँडबिलावर मात्र असते, पण अर्धी: 'रविवार दि. १७ जानेवारी, दुपारी ४ वाजता'. साल कोण छापणार? ज्याच्या हातात ते पडायचं त्याला साल माहीतच असे. मी दिनदर्शिका मांडून बसले. १७ जानेवारीला रविवार १९५४, १९६०, १९६५ आणि १९७१ साली येतो. चारांतलं कुठलं? उत्तर खाली तिकिटांच्या दरात होतं: 'रु. ३, २, १ व ७५ न.पै.' दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि 'नवे' पैसे १ जून १९६४ पासून नुसते पैसे झाले. 'न.पै.' छापलेला कागद म्हणजे या सात वर्षांतला. तेव्हा १९६०. त्या प्रकरणाचा खर्डा त्या रविवारच्या आधी लिहिलेला असणं कठीण, कारण मावशी हँडबिलं जपून वापरायची आणि नाटक होऊन गेल्यावर उरलेला गठ्ठा उचलून आणायची. हे आईकडून ऐकलेलं.

अशा खुणा एकदा कळू लागल्या की कागद बोलायला लागतात. पत्त्यात 'मुंबई ४' असेल तर छपाई जुनी, 'मुंबई ४००००४' असेल तर पिन कोड आल्यानंतरची, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. 'मुंबई राज्य' म्हणजे १ मे १९६० च्या आधीचं. लग्नपत्रिकेवर इंग्रजी साल नसलं तरी शके असतो, त्यात ७८ मिळवायचे, आणि पौषाच्या आसपासचं लग्न असेल तर ७९ लागतात का ते पाहायचं. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ साली गेला. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ सालची, त्यामुळे ज्या वहीत लॉटरीचं तिकीट खूण म्हणून घातलेलं आहे ती वही त्यानंतरही हाताळली गेली हे नक्की. आणि सगळ्यात मला आवडलेली खूण बोटाची. डोळे मिटून कागदाच्या पाठीवरून अंगठा फिरवायचा. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून ट्रेडल यंत्रावर छापलेल्या कागदाची अक्षरं मागून उठलेली लागतात. ऑफसेटचा कागद सपाट. हातानेच कळतं की हे कुणीतरी एकेक खिळा उचलून उभं केलेलं आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची पत्रकं निघाली तेव्हा मी पुष्कळ वेळ नुसती बघत बसले. स्वस्त कागद, काळे ठळक ठसे, खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव. पुस्तकांची सोय कायद्याने केली आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक छापील पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांत जावी लागते. हँडबिल तिथे कुणी पाठवत नाही. म्हणून मावशीची कादंबरी चार शहरांत सापडेल, पण ती ज्या पत्रकाच्या पाठीवर जन्मली ते पत्रक माझ्या डायनिंग टेबलावर आहे आणि दुसरीकडे असेलच असं नाही. हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "बरं, दे मग कुणालातरी नीट ठेवायला."

नीट ठेवायचं म्हणजे काय, हे त्या संवर्धनवाल्या बाईंनी शिकवलं. सगळ्यात आधी टाचण्या. मावशीने प्रत्येक गोष्ट टाचणीने लावली होती आणि प्रत्येक टाचणी गंजली होती. ती ओढायची नाही. पातळ प्लास्टिकची पट्टी टाचणी आणि कागद यांच्यामध्ये सरकवायची, दुसऱ्या बाजूने टाचणी सैल करायची आणि हळूच बाहेर काढायची. एका लिफाफ्याला दहा मिनिटं लागत. कसर लागलेले कागद मऊ ब्रशने, मधून बाहेर असे झाडायचे. जुन्या चिकटपट्ट्यांना मी हात लावायचा नाही, ते त्यांचं काम. वर्तमानपत्राचं कात्रण दुसऱ्या कशाच्याही अंगाला लागू द्यायचं नाही. त्या कागदात लाकडाचा कच्चा लगदा असतो, तो वर्षानुवर्षं आम्ल सोडतो आणि शेजारच्या पानाला तपकिरी करतो. प्रत्येक वस्तूला आम्लमुक्त कागदाचा स्वतंत्र लिफाफा, डांबरगोळ्या नाहीत, रबरबँड नाही. शेजारच्यांनी मायेने सुचवलं की सगळं लॅमिनेट करून घ्या, कायमचं टिकेल. लॅमिनेशन उष्णतेने प्लास्टिक कागदात वितळवतं आणि ते परत कधीच निघत नाही. कागद आतल्या आत पिवळा होत राहतो. ज्यांच्या घरी आजोबांची पत्रं लॅमिनेट करायला काढली असतील त्यांनी कृपा करून थांबावं.

रेशनच्या पावत्यांचा एक जुडगा मिळाला, १९७२-७३ च्या दुष्काळातला. त्यावर शाईच्या पेनने 'मिलो' लिहिलेलं. ती लाल, परदेशातून आलेली ज्वारी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तो शब्द वाचताच भाकरीचा वास आठवेल. मावशीची सहावी कादंबरी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांची. पावत्या त्या वहीच्या नेमक्या त्या पानात होत्या जिथे नायिका पहिल्यांदा मिलोचं पीठ मळते आणि ते थापलं जात नाही. हे पान मला जागेवर सापडलं, कारण तोवर मी नियम केला होता.

ज्यांची जागा मी पहिल्या दिवशी हरवली होती, त्यांच्यात दोन रेल्वेची तिकिटं होती.

पुठ्ठ्याची, जुन्या पद्धतीची. ५७ मिलिमीटर लांब, ३० रुंद. 'कुर्डुवाडी ते पंढरपूर', तिसरा वर्ग. बार्शी लाइटची ती अरुंद रूळांची छोटी गाडी, जी १९५४ साली सरकारकडे आली. एक तिकीट पूर्ण आणि दुसऱ्याचा एक कोपरा तिरका कापलेला, म्हणजे लहान मुलाचं अर्धं. दोन्हींवर तपासनिसाच्या चिमट्याची खूण नाही. एरवी उतरल्यावर तिकीट फाटकावर जमा करावं लागे. ही जमा झाली नाहीत, तपासलीही गेली नाहीत.

ज्यांनी मावशीची १९६२ ची कादंबरी वाचली आहे त्यांना इथे थांबावंसं वाटेल. तिची नायिका बहिणीच्या लहान मुलाला घेऊन मुंबईहून कुर्डुवाडीला उतरते, पंढरपूरची तिकिटं काढते, छोटी गाडी फलाटाला लागते, आणि ती चढत नाही. तशीच मुलाचा हात धरून मुंबईच्या गाडीची वाट बघत बसते. का, हे कादंबरीत कुठेही सांगितलेलं नाही. वाचकांची पत्रं मी वाचली आहेत, त्यातल्या निम्म्यांत हाच प्रश्न आहे. मावशी उत्तरात लिहायची, 'मला जेवढं ठाऊक होतं तेवढं लिहिलं.'

आता प्रश्न एवढाच होता की तिकिटं आधीची की नंतरची. कादंबरी आल्यावर ती जागा बघायला मावशी कधी गेली असेल, आठवण म्हणून तिकिटं काढून ठेवली असतील, तर गोष्ट वेगळी. तारीख तिकिटाच्या कडेला यंत्राने दाबलेली असते. शाई राहिली नव्हती, नुसता दाब होता. खोलीतले दिवे घालवून मी टॉर्च टेबलाला टेकवून आडवा धरला. उजेड तिरका पडला की खळग्यांच्या सावल्या उठतात. दिवस वाचता आला, महिना वाचता आला, फेब्रुवारी. साल ५८ की ६८? पाच आणि सहा या आकड्यांच्या खालच्या पोटात फरक नाही आणि वरचा भाग पुठ्ठ्याच्या मऊ पडलेल्या कडेत गेला होता. भाड्यापुढे 'न.पै.' असतं तर तिथेच निकाल लागला असता. तिथे नुसता दशांश आकडा होता. तिसरा वर्ग दोन्ही साली होता.

तिकीट कुठल्या वहीत होतं हे माहीत असतं तर! त्या एका गोष्टीसाठी मी स्वतःला किती बोल लावले असतील. मग बाईंचं ते आम्लाचं बोलणं आठवलं. वर्तमानपत्राचं कात्रण शेजारच्या पानावर डाग पाडतं, तर स्वस्त पुठ्ठा का नाही पाडणार? मी पहिल्या दिवशी रिकाम्या केलेल्या सगळ्या वह्या परत काढल्या. एकोणीस वह्या. एकेक पान खिडकीच्या उजेडात. डाग पुष्कळ होते, कात्रणांचे, फुलांचे, हळदीच्या बोटांचे. अकराव्या वहीत, दोन समोरासमोरच्या पानांवर, फिकट तपकिरी रंगाचे दोन आयत दिसले. एक चार कोपऱ्यांचा. दुसऱ्याचा एक कोपरा तिरका गेलेला.

मी तिकिटं चिमट्याने उचलून त्यावर ठेवली. कापलेला कोपरा डागाच्या कापलेल्या कोपऱ्यावर बसला.

ती कादंबरीची वही नव्हती. घरखर्चाची होती, १९५८ ची. छापील रकाने अजून रुपये-आणे-पैचे, आणि मावशीने आण्याचा रकाना खोडून वर नवे पैसे लिहिलेले. पानावर फेब्रुवारीच्या नोंदी: दूध, घासलेट, पोस्ट, वाण्याचे मागचे. एका तारखेपुढे नुसती रक्कम आहे, कशाबद्दल ते लिहिलेलं नाही. अख्ख्या वहीत अशी नोंद तेवढी एकच. तारीख तिकिटावरचीच.

कादंबरीच्या चार वर्षं आधी. माझा जन्म १९६१ चा, तेव्हा ते अर्धं तिकीट माझं नाही. दादा त्या फेब्रुवारीत पाच वर्षांचा होता.

होळीच्या सुमारास काम संपलं. एकूण ६४३ नग. एका संस्थेने कळवलं की पत्रं आणि हस्तलिखितं आनंदाने घेऊ, छापील चिठोऱ्यांना जागा नाही. मी सगळंच परत आणलं. वेगळं करून द्यायचं असतं तर ते दादाने पहिल्याच दिवशी केलं असतं. दुसऱ्या एका ग्रंथालयाने यादी पाहिली, दोन दिवस ठेवून घेतली आणि सगळं, मूळ क्रमासकट, घ्यायचं कबूल केलं. मी एकच गोष्ट लेखी मागितली: वह्या आणि त्यातून निघालेल्या वस्तू एकाच खोक्यात राहतील. इतरांनी मावशीला लिहिलेल्या पत्रांबद्दलही कागदावर लिहून घेतलं. पत्र आपल्याकडे असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क ते लिहिणाऱ्याचा असतो, तो आम्हाला देता येत नाही.

खोकी जायच्या आदल्या दिवशी दादा आला. जेवण झाल्यावर मी त्याला घरखर्चाची वही दाखवली, डाग दाखवले, तिकिटं जागेवर ठेवून दाखवली. त्याने चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"तुला काही आठवतं?" मी विचारलं.

"छोटी गाडी पाहिल्याचं आठवत नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "कुठल्यातरी फलाटावर खूप वेळ बसल्याचं आठवतं. थंडी होती. पण ते कुठलंही असेल."

लिफाफ्यावर मी नोंद आधीच करून ठेवली होती. 'रेल्वे तिकिटे २, कुर्डुवाडी–पंढरपूर, फेब्रुवारी १९५८. वापरल्याची खूण नाही. जागा पानावरील डागांवरून ठरवली. सोबतचे मूल: अज्ञात.' दादाने ती वाचली. मी पेन्सिल आणि खोडरबर त्याच्यापुढे सरकवलं.

"राहू दे तसंच," तो म्हणाला, आणि लिफाफा स्वतः वहीच्या त्या पानात ठेवला.